जागा न सोडता चौदा किलोमीटर

माणसाची थोरवी त्यानं आयुष्यात किती अंतर कापलं यावरून ठरते, असं मी बऱ्याच सत्कार समारंभांत ऐकलं आहे. सत्कारमूर्ती बहुतेक वेळा मोटारीतून आलेली असते, तरी मी ते मान डोलावून ऐकून घेतो. माझ्या ओळखीत मात्र एकच माणूस असा होऊन गेला, ज्यानं तीन महिन्यांत चौदा किलोमीटर सहाशे मीटर चालून दाखवलं आणि त्यातला एक फूटही स्वतःच्या नावावर लावून घ्यायला साफ नकार दिला. हे सगळं अंतर त्यांनी धाराशिवातल्या एका खोलीत, जागेवरून न हलता कापलं होतं. नकाराचं कारणही तेच होतं.

ते जमिनीचे मोजणीदार होते. सरकारी कागदावर भूकरमापक. पण तो शब्द जिल्ह्यात कुणाच्या जिभेवर बसला नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली आणि तेवीस वर्षं तिथंच राहिलो. खोली दाखवताना इतर घरमालक हवा, उजेड आणि नळाचं पाणी यांची तारीफ करतात. यांनी खिशातून टेप काढला.

"लोक दहा बाय बाराची म्हणत्यात," ते म्हणाले. "नऊ फूट दहा इंच बाय अकरा फूट आठ इंच हाय. मागनं म्हणू नका."

मागनं मी काही म्हणालो नाही. पुस्तकांची कपाटं लावल्यावर खोली किती उरली हेही त्यांनी एकदा वर येऊन मोजून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. साधारण अडीच नव्हे, अडीच. नोकरीच्या सुरुवातीला साखळी धरून आणि नंतर टेप धरून त्यांनी इतकी शिवारं तुडवली होती, की पाऊल आपोआप त्या मापाचं झालं होतं. 'जवळ' आणि 'लांब' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकू आले नाहीत. कुणी पत्ता विचारला तर सांगायचे, सरळ चारशे दहा पावलं जा, मग डाव्या हाताला नव्वद. विचारणारा स्वतःच्या पावलांनी मोजत जायचा आणि भलत्याच दारात उभा राहायचा. तक्रार घेऊन आला, तर त्याच्या पायाकडं बघून म्हणायचे, पत्ता बरोबर हाय, पाऊल आखूड पडलं.

काकूंचं त्यांच्याबद्दल एकच गाऱ्हाणं होतं. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या मागून बाजाराला जात होत्या, पण चालताना ते एक शब्द बोलत नसत. मध्येच आकडा चुकतो म्हणून. घरी आल्यावर मग बोलायचे. काय बोलायचे, तर आकडा.

मोजणीला गेल्यावर कुणाचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता. बांधाच्या दोन्ही बाजूंचे लोक चहा घेऊन उभे असत. एकाचा घेतला तर दुसऱ्याच्या मनात किंतू येतो, आणि दोघांचा घेतला तर दोघांच्याही. म्हणून घरून थर्मास आणि भाकरी न्यायची, मधल्या बांधावर बसून खायची आणि कपाचा उरलेला घोट सांडायचा झाला तर तोही बांधावर. निवृत्तीनंतरही लोक त्यांना बोलवायचे. सरकारी मोजणीचा शिक्का त्यांच्याकडं उरला नव्हता, पण ते सांगतील तिथं दोन्हीकडचे लोक दगड पुरून मोकळे व्हायचे.

अंगावरून वारं गेलं तेही तामलवाडीच्या एका शिवारात. दोन चुलतभावांचा बांध होता. टेपचं एक टोक यांच्या हातात आणि दुसरं थोरल्या भावाच्या हातात. तो थोरला पुढं मला सांगत होता, की काका खाली बसायला लागले, तोंड वाकडं झालं, पण बसता बसता आधी त्यांनी आकडा सांगितला. तो आकडा दोघांनी मानला. दवाखान्यात न्यायच्या घाईत दगड पुरायचा राहिला, तो दुसऱ्या दिवशी पुरला.

सोलापूरला तीन आठवडे काढून ते परत आले तेव्हा वाचा जवळपास सुधारली होती, हात थोडा हलत होता, पण डावा पाय नुसता लोंबत होता. आमची गल्ली अरुंद. रिक्षा कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी थांबते, आत येत नाही. म्हणून समोरचे रज्जाकभाई टेलर आणि मी, दोघं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खांबापर्यंत उचलून नेत असू. पहिल्या दिवशी खुर्ची खाली टेकवल्यावर ते म्हणाले, "एकशे शहाऐंशी फूट. तुमची पावलं बारकी पडत्यात, सर. रज्जाकभाईची मोठी. खुर्ची तिरकी व्हती सगळ्या वाटंनं."

त्यांचा मुलगा अविनाश पुण्याला नोकरीला. गुणी मुलगा, त्याच्या बाजूनंही सांगायला हवं. आईचे गुडघे गेलेले, वडील असे, आणि दोन परक्या माणसांच्या खांद्यावर किती दिवस काढणार, ही त्याची अडचण खरी होती. त्यानं सरळ सांगितलं. दिवाळीपर्यंत दारापासून खांबापर्यंत जाऊन, कुणाचा हात न धरता परत आलात, तर खुशाल इथं राहा. नाहीतर दोघांनी पुण्याला यायचं आणि घराला कुलूप.

काकूंना पुणं नको होतं. त्यांच्या बहिणी, त्यांची तुळजापूरची मंगळवारची फेरी, परसातली कढीपत्त्याची दोन झाडं, सगळं इथं. त्या नुसत्या नवऱ्याच्या डाव्या पायाकडं बघत राहिल्या.

त्याच सुमारास गावात चालायला शिकवणारं यंत्र आलं. एका जुन्या मंगल कार्यालयात पुनर्वसन केंद्र निघालं आणि उद्घाटनाला एक पुढारी आले. नारळ फुटला, यंत्राला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. मग फोटोसाठी पुढाऱ्यांनाच यंत्रात उभं केलं. वरून पट्ट्यांनी अंग तोलून धरायचं, मांड्यांना आणि पिंढऱ्यांना यांत्रिक पाय बांधायचे, आणि खालचा पट्टा सरकू लागला की ते पाय माणसाचे पाय उचलून टाकतात, अशी त्याची रचना. ती कुणीतरी उत्साहात चालू केली. बंद करणारा तंत्रज्ञ चहाला गेला होता. पुढारी गळ्यातल्या हारासकट चार मिनिटं हसतमुखानं चालत राहिले. टाळ्या थांबेनात. पहिले रुग्ण म्हणून काका चाकाच्या खुर्चीत बाजूलाच होते. "चार मिनिटं चालले," ते मला हळूच म्हणाले, "अन् हायत तिथंच हायत."

मला त्यात राजकारण दिसलं. त्यांना नाही, त्यांना फक्त मोजणीतला दोष दिसला होता.

तिथली फिजिओथेरपिस्ट तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातली मुलगी होती. रोज एसटीनं यायची. सगळे तिला मॅडम म्हणत, काका बाई म्हणत. यंत्रासमोर एक पडदा होता आणि त्यावर एक माणूस हिरव्यागार रस्त्यानं चालत असे. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, हा कोण? ती म्हणाली, तुम्हीच आहात काका. त्यांनी बराच वेळ त्याला न्याहाळलं. मग विचारलं, ह्या रस्त्याचा गट नंबर काय?

पहिल्या सत्रानंतर पडद्यावर आकडा आला: दोनशे दहा मीटर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केंद्राचे संचालक स्वतः चहा घेऊन आले. काकांनी पिशवीतून थर्मास काढला. यंत्र त्यांचं, जागा त्यांची, आकडा त्यांचा. तेव्हा ते या प्रकरणातले एक पक्षकार आहेत आणि त्यांचा चहा चालणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. संचालकांना मधुमेहाचा गैरसमज झाला. त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा येऊ लागला, आणि तोही परत जाऊ लागला.

बाईंशी त्यांचं पटलं ते एका प्रश्नावरून. त्यांनी विचारलं, ह्यातलं मशीन किती चाललं आणि मी किती? आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं खरं सांगितलं, की आज यंत्राची मदत सत्तर टक्के होती. तीस तुमचे.

"मंजी हिस्सा हाय," ते म्हणाले. "तीस आणे माझे अन् सत्तर त्याचे, तर पावती माझ्या एकट्याच्या नावानं कशी फाडता?"

आणे आणि टक्के यांचा हिशोब चुकला होता, पण तिनं तो दुरुस्त केला नाही. त्यानंतर ती रोज आकड्याबरोबर हिस्साही सांगू लागली. पस्तीस. बेचाळीस. नवरात्रात पंचावन्न. सत्र संपल्यावर आम्ही रिक्षात बसलो की ते उजवा हात मांडीवर ठेवून बोटांनी काहीतरी मोजत. मला त्या दुपारी आता आठवतात तेव्हा पडदा, पट्टे आणि टाळ्या आठवत नाहीत. रिक्षाच्या खडखडाटात हलणारी ती बोटं आठवतात.

दसऱ्याच्या आधी अविनाशचा मला फोन आला. आवाज पडलेला होता. "सर, तुम्ही खरं सांगा. तिथं नेमकं काय चालतंय?"

मी म्हणालो, उत्तम चाललं आहे. आज तीनशे नव्वद मीटर झाले.

त्यानं मला आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, "मी रोज संध्याकाळी विचारतो, बाबा आज किती चाललात? दोन महिने झाले, रोज एकच उत्तर. शून्य फूट. मी दिवाळीनंतरची गाडी सांगून ठेवलीय. आईला औषधांची यादी करायला सांगितलीय."

फोन ठेवून मी खाली गेलो. काका पलंगावर पाय सोडून बसले होते. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं असावं. घर जायची वेळ आली आहे, मुलाला धीर वाटेल असा आकडा रोज तुमच्या समोर लागतो, आणि तुम्ही शून्य सांगता?

"मग काय सांगू?" ते म्हणाले. "जिथनं निघालो तिथंच उतरलो. मधी टेप धरला तर किती भरंल?"

मी म्हणालो, पण पाय तर चालले ना?

"सर, तुमी पुस्तकातली मानसं. आरंभाचा दगड अन् शेवटाचा दगड एकच असंल, तर त्याला मोजणी म्हणत न्हाईत. त्याला उभं ऱ्हाणं म्हणत्यात."

दारात उभ्या असलेल्या काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज त्या दिवशी जरा जास्त झाला.

मी हे बाईंना सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना यंत्रातून अर्ध्या वेळात उतरवलं, भिंतीकडच्या दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं आणि मला खडूनं फरशीवर रेघ मारायला लावली. "काका, आता मशीन न्हाय. इथनं निघा."

ते पाच फूट सात इंच चालले. टेप मी धरला होता. डावं पाऊल घासत पडत होतं आणि एका पावलाचं माप दुसऱ्याशी जुळत नव्हतं, पण पाय स्वतः उचलला जात होता. यंत्रानं त्याला ती लय परत शिकवली होती, हे माझ्यासारख्या संशयी माणसालाही मानावं लागलं. त्या संध्याकाळी अविनाशनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्यांनी सांगितलं, पाच फूट सात इंच. पलीकडं अविनाश रडला, असं काकू म्हणाल्या. काकांच्या मते लाइन खराब होती.

त्यानंतरचा महिना भराभर गेला. अर्धा वेळ यंत्र, अर्धा वेळ फरशी. अकरा फूट. तीस. केंद्राच्या व्हरांड्यात नव्वद. दिवाळीच्या आठवड्यात काठी घेऊन दीडशेला पोचले. मागं वळून यायची तालीम मात्र पुरती झाली नव्हती. वळताना डावा गुडघा दगा द्यायचा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मोजणी ठरली. आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून चार नोटिसा लिहवून घेतल्या: पूर्वेचे, पश्चिमेचे, उत्तरेचे आणि दक्षिणेचे शेजारी. 'उद्या सकाळी आठ वाजता गल्लीत चालण्याची मोजणी आहे. हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी तुमच्या माघारी होईल व ती तुमच्यावर बंधनकारक राहील.' मी म्हणालो, काका, तुमच्या चालण्यावर शेजाऱ्यांची काय हरकत असणार? ते म्हणाले, हरकत नसते म्हणूनच नोटीस द्यायची असते.

सगळे आले. बाई सुट्टी असून तुळजापूरहून एसटीनं आली. अविनाश रात्रीच आला होता. काकूंनी चहा पुढं केला तर ते म्हणाले, "तू पक्षकार हायस." त्यांनी कप तसाच परत नेला.

उंबऱ्यापाशी मी रेघ मारली आणि ते निघाले. उजव्या हातात काठी, डावा हात कोपरात वाकलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते चालताना पावलं मोजत नव्हते. ओठ स्थिर होते. खांबाला काठी टेकवली, वळले. तिथं गुडघा लटपटला आणि सावरला. परतीला रज्जाकभाईंच्या पायरीपाशी थांबले, दम घेतला. रज्जाकभाई खुर्ची घेऊन पुढं झाले, तर म्हणाले, उभं ऱ्हायला हरकत न्हाय, बसायला हाय. पुन्हा निघाले. दार जवळ आलं. काकू उंबऱ्यात, अविनाश त्यांच्या पुढं.

तेव्हा डाव्या पायाचा अंगठा कुठल्यातरी फरशीला अडला आणि ते पुढं झुकले. अविनाशनं झेप घेऊन त्यांना काखेत धरलं.

अविनाशच म्हणाला, झालं बाबा, पोचलात. रज्जाकभाईंनीही तेच म्हटलं. बाईनंही.

"हात लागला," काका म्हणाले. "कुठं लागला तिथं खूण करा, सर."

मी खडू घेऊन उभा राहिलो. अविनाश म्हणाला, "मी उगाच धरलं. तुम्ही पडत नव्हता, बाबा. सावरला असता."

"पडत व्हतो का न्हवतो, त्याला कागदावर रकाना न्हाय. खूण करा."

मी खूण केली. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहिलो होतो. मला खूण उंबऱ्याकडं सरकवता आली असती. ते बघत होते. टेप धरला. उंबरा चार फूट दोन इंच राहिला होता. एकूण तीनशे सदुसष्ट फूट दहा इंच, असं मी कागदावर लिहिलं. अविनाश म्हणाला, मला हा कागद मान्य नाही, तुम्ही इथंच राहा. ते म्हणाले, अट तू घातलीस, अन् कमी मी भरलो. आता पंचांच्या सह्या घ्या. रज्जाकभाईंनी सही केली नाही. "चाचा, चार फुटासाटी मै झूट नै लिकता," म्हणाले. "तुम पोचे थे." काकांनी माझ्याकडून त्यांच्या नावापुढं 'सही करण्यास नकार' असं लिहून घेतलं.

काकू इतका वेळ उंबऱ्यातच होत्या. त्या काकांना नव्हे, मला म्हणाल्या, "आख्ख्या जिल्ह्याला जागा काढून दिली ह्यांनी. आपल्याला चार फूट न्हाय सोडता आले." आणि बॅग भरायला आत गेल्या.

काका आता रज्जाकभाईंच्या खुर्चीत बसले होते. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.

दोन दिवसांनी ते निघाले. गाडी कोपऱ्यापर्यंतच येत होती. रज्जाकभाईंनी खुर्ची काढली, पण ते चालत गेले. कुणी हात लावला नाही. फक्त जायचंच होतं, यायचं नव्हतं; तेवढं त्यांना सहज जमलं.

पुण्यात ते अडीच वर्षं जगले. तिथं घराजवळ तसलं यंत्र नव्हतं, पण पहिल्याच महिन्यात ते लिफ्टपासून फाटकापर्यंत जाऊन परत येऊ लागले. अंतर चारशे चोवीस फूट. हे त्यांनीच फोनवर सांगितलं. मी म्हणालो, मग आता परत या. अविनाशचीही तयारी होती. ते म्हणाले, मोजणी मान्य नसंल तर मुदतीत अपील करावं लागतं. मी केलं न्हाय. मग त्यांनी काकूंना फोन दिला. काकूंनी कढीपत्त्याला पाणी घालता का, एवढंच विचारलं.

ते गेल्यानंतर मी एकदा पुण्याला गेलो होतो. अविनाशनं मला सोसायटीचं पार्किंग दाखवलं. तिथं गाड्यांच्या जागांवरून बरीच वर्षं भांडण होतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, वरच्या काकांना मोजू द्या. त्यांनी काठी टेकत, दोन वॉचमनना टेप धरायला लावून आठ दिवस सगळ्या जागा मोजल्या आणि पांढऱ्या रंगानं नव्या रेघा मारून घेतल्या. सगळ्यांनी त्या मानल्या. अजून तशाच आहेत.

अविनाशची जागा दीड फूट जादा निघाली होती. ती कमी केल्यावर त्याची गाडी आत बसेना. तो ती बाहेर रस्त्यावर लावतो.